मुदतीच्या कार्डावर उभा धंदा

अमेरिकेत तात्पुरत्या कायदेशीर दर्जावर राहणाऱ्या माणसाला दुकान थाटता येते, हाताखाली माणसे ठेवता येतात आणि कर तर भरावाच लागतो. अडते ते भांडवलापाशी. धंद्याचे कर्ज फिटायला तीन ते दहा वर्षे लागतात आणि त्याच्या खिशातल्या वर्क परमिटची मुदत वर्षा-दोन वर्षांत संपते. ते पुन्हा मिळेल की नाही, हे कर्ज देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. या दोन मुदतींच्या तफावतीवरच ठरते की कोणाला बँक कर्ज देणार, कोणाला स्थानिक पतसंस्था देणार आणि कोणाला रोज पैसे कापून घेणाऱ्या कंपनीच्या दारात जावे लागणार.

हा दर्जा एकाच प्रकारचा नाही. मायदेशी भूकंप, वादळ किंवा युद्ध झाल्यामुळे परत जाणे धोक्याचे ठरलेल्यांसाठी अमेरिकी काँग्रेसने १९९० साली ‘टेंपररी प्रोटेक्टेड स्टेटस’ म्हणजे टीपीएसची तरतूद केली. ते एका वेळी सहा, बारा किंवा अठरा महिन्यांसाठी मिळते. लहानपणी आईबापांबरोबर विनाकागदपत्र आलेल्या तरुणांना २०१२ पासून ‘डाका’खाली दोन-दोन वर्षांचे संरक्षण मिळू लागले. आश्रयाचा अर्ज केलेले आणि निकालाची वाट पाहणारे लोक आहेत. एच-वन-बी व्हिसावरचे इंजिनियर आहेत आणि एच-फोर व्हिसावर आलेले त्यांचे जोडीदारही आहेत. कायद्याच्या नजरेत हे सगळे वेगवेगळे. बँकेच्या टेबलावर मात्र सगळ्यांना प्रश्न एकच येतो: कार्ड कधी संपते?

तात्पुरते म्हणजे किती दिवस?

कार्डावरची तारीख आणि माणसाचा प्रत्यक्ष मुक्काम यांचा मेळ बसतोच असे नाही. एल साल्वाडोरमध्ये २००१ च्या सुरुवातीला मोठे भूकंप झाले आणि अमेरिकेतल्या साल्वाडोरी लोकांना टीपीएस मिळाले. पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते बहुतेक वेळा अठरा-अठरा महिन्यांनी वाढत गेले. या काळात लोकांनी रंगकाम आणि सफाईच्या कंपन्या काढल्या, वॉशिंग्टनच्या आसपास पुपुसा विकणारी उपाहारगृहे उघडली, घरे घेतली, मुले कॉलेजात घातली. पाच वर्षांचे कर्ज या मुदतीत चार वेळा काढून चार वेळा फेडता आले असते. तरीही प्रत्येक वेळी कर्ज मागताना कार्डावर दिसत होते ते जास्तीत जास्त दीड वर्ष.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नेपाळच्या लोकांना २०१५ च्या भूकंपानंतर टीपीएस मिळाले. २०२५ मध्ये ते संपवण्याची घोषणा झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. व्हेनेझुएलाच्या लाखो लोकांचे संरक्षणही त्याच वर्षी काढून घेतले गेले. म्हणजे कर्ज देणाऱ्याची भीती निराधार नाही. पण ती भीती मोजायची कशी, हा खरा प्रश्न आहे. नुसती तारीख वाचून नकार देणे सोपे असते. माणसाचा धंदा, त्याची परतफेडीची सवय आणि नूतनीकरणाचा इतिहास वाचायला वेळ लागतो. कोणती संस्था हा वेळ देते आणि कोणती देत नाही, त्यावरून या सगळ्या पर्यायांची उतरंड लागते.

फाइलमधले कागद

कर्जाच्या फाइलमध्ये सर्वांत वर असते वर्क परमिट. ते ड्रायव्हिंग लायसन्सच्या आकाराचे प्लास्टिकचे कार्ड असते. त्यावर फोटो, नाव, जन्मतारीख, नऊ आकडी ‘एलियन नंबर’ आणि प्रवर्गाचा छोटा संकेत असतो: मंजूर टीपीएससाठी ए-१२, डाकासाठी सी-३३, एच-फोर जोडीदारासाठी सी-२६, आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्यासाठी सी-०८. खाली संपण्याची तारीख छापलेली असते. कर्ज अधिकाऱ्याची नजर आधी या तारखेवर जाते आणि मग संकेतावर. सरावलेला अधिकारी संकेतावरून नूतनीकरणाची शक्यता ताडतो. नवखा अधिकारी तारखेपाशीच थांबतो.

वर्क परमिट मिळाले की सोशल सिक्युरिटी क्रमांकही मिळतो. ज्यांना तो मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी कर खात्याने १९९६ पासून ‘आयटिन’ हा नऊच्या आकड्याने सुरू होणारा करदाता क्रमांक ठेवला आहे. धंद्याचा स्वतंत्र क्रमांक, ‘ईआयएन’, कर खाते फुकट देते. कंपनी नोंदवणे हा राज्याचा विषय आहे. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढताना मालकाचे नागरिकत्व आडवे येत नाही. बँक खात्यासाठी २००१ च्या कायद्याने ओळख पटवणे बंधनकारक केले, पण परकीय पासपोर्टवरही ती पटवता येते.

या सगळ्यापेक्षा वजनदार कागद म्हणजे कराची विवरणपत्रे. बँक साधारणपणे दोन वर्षांची मागते. रोखीच्या धंद्यात इथेच घात होतो. कर वाचवण्यासाठी गल्ल्यातली निम्मी रक्कम दाखवलीच नसेल, तर कर्ज मागताना ती उरलेली निम्मी रक्कम अस्तित्वातच नसते. जाणते कर्ज अधिकारी म्हणूनच पहिल्या भेटीत पैशांबद्दल बोलण्याआधी सल्ला देतात: रोजची विक्री रोज खात्यात भरा आणि पुढच्या वर्षी या.

बँकेचे टेबल

मोठ्या बँकेत छोट्या धंद्याचा अर्ज बहुधा माणसाआधी संगणक वाचतो. त्याला पतगुणांक लागतो, म्हणजे ३०० ते ८५० या पट्टीवरचा फायको. तो तयार व्हायला किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते. मायदेशात वीस वर्षे हप्ते वेळेवर भरलेले असले तरी अमेरिकेच्या पत-नोंदीत त्याचा मागमूस नसतो. काही खासगी कंपन्या भारतासारख्या देशांतला पतइतिहास अमेरिकेतल्या कर्जदात्यांपर्यंत पोचवू लागल्या आहेत. पण त्याचा उपयोग मुख्यतः क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जापुरता होतो. बाकीच्यांची सुरुवात ठेव ठेवून घेतलेल्या ‘सिक्युअर्ड’ कार्डापासून होते: तीनशे-पाचशे डॉलर अनामत, तेवढीच मर्यादा आणि दर महिन्याला पूर्ण भरणा.

कायदा काय सांगतो? १९७४ च्या समान पतसंधी कायद्यानुसार वंश, धर्म, लिंग किंवा मूळ राष्ट्रीयत्व पाहून कर्ज नाकारता येत नाही. इमिग्रेशनचा दर्जा मात्र त्या यादीत नाही. कर्ज बुडाल्यास वसुली करता येईल की नाही हे ठरवण्यापुरता तो विचारात घेण्याची मुभा नियमांनी दिली आहे. यादवी युद्धानंतरच्या काळातला एक जुना नागरी हक्क कायदा करार करण्याचा हक्क सर्वांना सारखा देतो. परकीयांनाही त्याचा आधार घेता येतो, आणि डाकाधारकांनी बँकांविरुद्धच्या दाव्यांत तो घेतलाही आहे. प्रत्यक्षात बँका मधला मार्ग काढतात. नकार देण्याऐवजी कर्जाची मुदत कार्डाच्या मुदतीत बसवतात. पाच वर्षांचे कर्ज चौदा महिन्यांचे झाले की मासिक हप्ता तिपटीहून अधिक होतो. तो कोणत्याही नव्या उपाहारगृहाला झेपत नाही. कागदोपत्री मंजुरी मिळते, पण ती न मिळाल्यासारखीच असते.

सरकारी हमीचे दार

अमेरिकेत छोट्या धंद्याच्या कर्जाचा कणा म्हणजे १९५३ साली स्थापन झालेले ‘स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजेच एसबीए. हे खाते स्वतः सहसा कर्ज देत नाही. बँकेने दिलेल्या कर्जाची हमी घेते. ‘सेव्हन-ए’ या प्रमुख योजनेत ५० लाख डॉलरपर्यंतचे कर्ज बसते. त्यात दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर साधारण ८५ टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के हमी असते. शिवाय ५० हजार डॉलरपर्यंतची सूक्ष्मकर्ज योजना आहे. ती ना-नफा संस्थांमार्फत चालते. हमीमुळे बँकेची जोखीम उतरते, मुदत लांबते आणि हप्ता आटोक्यात येतो. नव्या धंद्याला नेमके हेच हवे असते.

पूर्वी धंद्यात किमान ५१ टक्के मालकी नागरिकाची किंवा ग्रीन कार्डधारकाची असेल, तर उरलेला भागीदार तात्पुरत्या दर्जाचा असला तरी चालत असे. त्यामुळे नागरिक असलेला भाऊ, मेहुणा किंवा जुना मालक यांना भागीदार करून घेण्याची वाट होती. २०२५ मध्ये ही वाट बंद झाली. पूर्ण १०० टक्के मालकी नागरिकांची किंवा ग्रीन कार्डधारकांचीच हवी, असा नियम आला. एखाद्या कंपनीत टीपीएसधारकाचा लहानसा हिस्सा असला तरी अख्ख्या कंपनीचा अर्ज अपात्र ठरू लागला. त्यानंतरचा कलही नियम सैल होण्याचा नाही. परिणामी धंदा करण्याची परवानगी सरकार एका हाताने देते आणि तो वाढवण्याचे स्वस्त साधन दुसऱ्या हाताने काढून घेते.

शेजारच्या संस्था

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर डोक्यावरून सात नंबरची रेल्वेगाडी धडधडत जाते आणि खाली फुटपाथवर मोमोची गाडी, तमालेचे पातेले, कापलेल्या आंब्याच्या पिशव्या असा बाजार भरतो. इथल्या जॅक्सन हाइट्समधली मोमोची गाडी दिसायला छोटी असते. तिच्यामागचा खर्च छोटा नसतो. स्टीलची गाडी, गॅस, वाफवण्याची भांडी आणि रात्री गाडी धुऊन ठेवायला नियमाने बंधनकारक असलेल्या डेपोचे भाडे हे सगळे आधी उभे करावे लागते. खाद्यगाडीच्या परवान्यांवर शहराने १९८० च्या दशकात मर्यादा घातली. दोन वर्षांचे सरकारी शुल्क जेमतेम दोनशे डॉलर होते, पण जुने परवाने काळ्या बाजारात हजारो डॉलरना भाड्याने फिरू लागले. या भाड्याची पावती मिळत नाही. पावती नाही म्हणून बँकेत खर्च दाखवता येत नाही.

मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर चालणाऱ्या ‘ग्रामीण अमेरिका’ने २००८ मध्ये आपली पहिली शाखा याच जॅक्सन हाइट्समध्ये उघडली. पाच बायका एकमेकींना निवडून गट करतात, थोडे प्रशिक्षण घेतात, दर आठवड्याला बैठकीला जमतात आणि हप्ता भरतात. तारण लागत नाही, जुना पतगुणांक लागत नाही. पहिले कर्ज लहान असते. ते साधारण सहा महिन्यांत फिटले की पुढचे मोठे मिळते. भरलेले हप्ते पतनोंद संस्थेला कळवले जातात. दोन-तीन फेऱ्यांनंतर बाईच्या हाती धंद्याबरोबर अमेरिकी पतइतिहासही येतो. सहा महिन्यांचे कर्ज वर्षभराच्या कार्डात आरामात बसते, हे या रचनेचे बळ आहे. मात्र एवढ्या रकमेत गाडीचे दुकान होत नाही, ही तिची मर्यादा आहे.

ती मर्यादा ओलांडायला सामुदायिक विकास वित्तसंस्था लागतात. १९९४ च्या कायद्याने केंद्रीय अर्थखात्यात त्यांच्यासाठी निधी उभारला, आणि आपल्या परिसराची गरज भागवण्याचे बंधन घालणाऱ्या १९७७ च्या कायद्यामुळे बँकाही त्यांना पैसा पुरवतात. टेक्सासमधली ‘लिफ्टफंड’, कॅलिफोर्नियातून वाढलेली ‘अ‍ॅक्सिऑन ऑपॉर्च्युनिटी फंड’ ही त्यांतली ठळक नावे. इथे अर्ज माणूस वाचतो. अधिकारी दुकानात येऊन बसतो, दुपारचे गिऱ्हाईक पाहतो, खात्यातला भरणा आणि घरभाड्याच्या पावत्या तपासतो. व्याज सरकारी हमीच्या कर्जापेक्षा जास्त असते, पण झटपट पैसे देणाऱ्या कंपन्यांपेक्षा खूप कमी असते. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने या केंद्रीय निधीलाच कात्री लावण्याचा प्रयत्न झाला. त्यामुळे या संस्थांच्या पायाखालची जमीनही आता पूर्वीइतकी भक्कम नाही.

पतसंस्थांचा अनुभव अधिक आश्वासक आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये स्थलांतरित मजूर बँकेत खाते नसल्यामुळे पगार रोखीत बाळगत आणि लुटारू नेमके त्यांनाच गाठत. त्या लूटमारीला उत्तर म्हणून २००० साली ‘लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन’ उभी राहिली. आधी सुरक्षित खाते, मग बचत, मग आयटिनवर वाहन आणि घरासाठी कर्ज असा तिचा क्रम राहिला. ओळख आधी आणि कर्ज नंतर, हा आपल्याकडच्या जुन्या पतपेढीचाच धडा आहे.

बिनव्याजी पैशाचीही एक वाट आहे. ‘किवा’ या संस्थेमार्फत १५ हजार डॉलरपर्यंतचे कर्ज शेकडो अनोळखी लोकांच्या पंचवीस-पंचवीस डॉलरांतून उभे राहते. अट एवढीच की आधी आपल्या ओळखीच्या माणसांनी थोडीथोडी रक्कम घालावी. पतगुणांकाच्या जागी शेजाऱ्यांचा विश्वास मोजला जातो.

भिशी सगळीकडे आहे

बँकेआधी आणि संस्थेआधी बहुतेक धंदे भिशीवर उभे राहतात. मेक्सिकन लोकांची तांदा, इथिओपियनांची इकुब, कोरियनांची के आणि महाराष्ट्रातली भिशी यांचे गणित एकच आहे. दहा जणांनी महिन्याला दोनशे डॉलर काढायचे आणि दर महिन्याला एकाने दोन हजार उचलायचे. व्याज नाही, अर्ज नाही, कार्डाची तारीख कोणी विचारत नाही. दोष दोन आहेत. कोणी उचल घेऊन गायब झाला तर दाद मागणे कठीण असते. आणि दहा वर्षे चोख भिशी भरली तरी पतनोंदीत त्याची एक ओळही उमटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातल्या ‘मिशन अ‍ॅसेट फंड’ने हा दुसरा दोष दूर केला. सभासद भिशी त्यांच्या रीतीनेच चालवतात. संस्था मात्र प्रत्येकाची उचल बिनव्याजी कर्ज म्हणून कागदावर नोंदवते आणि दर महिन्याचा भरणा पतनोंद संस्थांना कळवते. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून अशा व्यवहाराला मान्यता दिली. लोकांकडे शिस्त आधीपासूनच होती. तिची नोंद ठेवणारे कोणी नव्हते.

यंत्र, उधारी आणि रोजची कपात

कर्ज देणाऱ्याला माणसाची शाश्वती नसेल तर तो वस्तूकडे पाहतो. फूड ट्रक, भट्टी किंवा डिलिव्हरी व्हॅन यांवर मिळणारे उपकरण-कर्ज त्यामुळे तुलनेने सुलभ असते. दहा-वीस टक्के रक्कम आधी भरायची आणि कर्ज फिटेपर्यंत वाहनाच्या कागदावर कर्जदात्याचा बोजा ठेवायचा. मालक देश सोडून गेला तरी ट्रक जागेवर राहतो, हा त्यामागचा हिशेब आहे. घाऊक पुरवठादाराची तीस दिवसांची उधारी हेही खेळते भांडवलच आहे. वेळेवर चुकती केली तर ती दोन-चार महिन्यांत वाढते.

सर्वांत वेगाने मिळणारा पैसा सर्वांत महाग असतो. ‘मर्चंट कॅश अ‍ॅडव्हान्स’ देणाऱ्या कंपन्या याला कर्ज म्हणत नाहीत. भविष्यातल्या विक्रीचा हिस्सा आगाऊ विकत घेतला, असे कागदावर लिहितात. त्यामुळे व्याजाच्या कमाल मर्यादेचे बहुतेक नियम चुकवता येतात. समजा, २० हजार डॉलर घेतले आणि करारात १.३५ हा गुणक आहे. परत करायचे २७ हजार. रोज २२५ डॉलर खात्यातून कापले जातात आणि १२० कामाच्या दिवसांत हिशेब संपतो. ऐकायला ३५ टक्के वाटतात. पण मुद्दल पहिल्या दिवसापासून परत जात असते, त्यामुळे वार्षिक दर १०० टक्क्यांच्या बराच वर जातो. पावसाच्या आठवड्यात गिऱ्हाईक नसले तरी कपात सुरूच राहते. मग ती भागवायला दुसरी उचल घेतली जाते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क यांनी असा पैसा देणाऱ्यांना वार्षिक दर स्पष्ट लिहून देणे भाग पाडले आहे. करार इंग्रजीत आणि तातडीची गरज अशा दोन्ही बाजूंनी अडलेल्या माणसासाठी हे अगदी किमान संरक्षण आहे.

मराठी घरांतला प्रश्न

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंतच्या अनेक मराठी घरांत हा विषय वेगळ्या रूपात येतो. पगार चांगला असतो, पतगुणांक उत्तम असतो. अडचण काम करण्याच्या परवानगीची असते. एच-वन-बीवरचा माणूस कंपनीत पैसे गुंतवू शकतो, पण आपल्याच कंपनीत काम करण्यासाठी त्या कंपनीने त्याच्या नावे वेगळी मंजुरी घ्यावी लागते. जानेवारी २०२५ पासून मोठा हिस्सा असलेल्या मालकालाही अशी मंजुरी मिळू शकते, मात्र ती सुरुवातीला अठरा महिन्यांचीच असते. गुंतवणूकदारांना व्यवसाय चालवण्यासाठी मिळणारा ई-टू व्हिसा करारबद्ध देशांसाठी आहे आणि भारत त्या यादीत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत प्रत्येक देशाचा वाटा सात टक्क्यांपुरता असल्याने भारतीयांचे तात्पुरतेपण वर्षानुवर्षे लांबते.

म्हणून धंदा बऱ्याचदा पत्नीच्या नावावर सुरू होतो. २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत पुढे गेलेल्या एच-वन-बीधारकांच्या जोडीदारांना वर्क परमिट मिळते आणि त्यावर स्वतःचा धंदाही करता येतो. पाळणाघर, नृत्यवर्ग, साड्यांची विक्री, घरगुती नानकटाई यांना मोठे कर्ज लागत नाही. घरी भाजलेले पदार्थ विकण्याची परवानगी न्यू जर्सीने २०२१ मध्ये, सर्व राज्यांत शेवटी दिली. भांडवल पगारातल्या बचतीतून येते किंवा पुण्या-ठाण्याहून आईवडील पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. भेट म्हणून पाठवलेल्या रकमेवर वर्षाला दहा लाख रुपयांपुढे वीस टक्के टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा कर, कापला जातो आणि तो नंतर प्राप्तिकरात वळता होतो. अमेरिकेत परदेशातून वर्षभरात एक लाख डॉलरहून अधिक भेट आली तर ३५२० हा फॉर्म भरून कळवावे लागते. कर लागत नाही, पण न कळवल्याचा दंड जबर असतो.

तारीख संपते तेव्हा

वर्क परमिट संपले म्हणून मालकी संपत नाही. कंपनीचा हिस्सा मालकाच्याच नावावर राहतो. त्याला स्वतः काउंटरवर उभे राहून काम करता येत नाही, एवढाच फरक पडतो. कर्जही संपत नाही. छोट्या धंद्याच्या कर्जाला मालकाची वैयक्तिक हमी जवळजवळ नेहमी असते, आणि हप्ता थांबला तर पतइतिहास, तारण आणि सहीदार नातेवाईक हे तिन्ही अडचणीत येतात. बहुतेक परमिटांचे नूतनीकरण मुदतीच्या सहा महिने आधी मागता येते. पूर्वी वेळेवर अर्ज केला की जुने कार्ड बऱ्याच प्रवर्गांत आपोआप वाढलेले धरत. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून ही सोय नव्या अर्जांसाठी बहुतांशी बंद झाली. नवे कार्ड हाती पडायला उशीर झाला तर मधले आठवडे मालक आपल्याच दुकानात परका ठरतो.

या अंतरासाठी तरतूद आधीच करावी लागते. कामाची परवानगी असलेला एक विश्वासू व्यवस्थापक हवा आणि त्याला खाते चालवण्याचा लेखी अधिकार हवा. दोन-तीन हप्त्यांची शिल्लक वेगळी हवी. कर्ज घेताना मुदतीआधी फेडल्यास दंड नाही आणि परमिट उशिरा आल्यास हप्त्याला सवलत मिळेल, ही दोन कलमे करारात आहेत की नाहीत ते पाहायला हवे. सामुदायिक संस्था ती अनेकदा मान्य करतात. बँकेत ती मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

कर्ज देणाऱ्यांसाठीही यात शिकण्यासारखे आहे. तात्पुरता दर्जा हा जोखमीचा एक भाग आहे, संपूर्ण जोखीम नाही. ज्या संस्थांनी विक्री, बचत आणि हप्त्यांची सवय मोजली, त्यांना बँकेने परत पाठवलेल्यांतूनच कर्ज फेडणारी माणसे सापडली. ज्यांनी फक्त तारीख मोजली, त्यांनी त्याच माणसांना रोजच्या कपातीच्या करारांकडे ढकलले. जो देश एखाद्याला काम करण्याची, कर भरण्याची आणि इतरांना रोजगार देण्याची परवानगी देतो, त्याने त्या माणसाची पत त्याच्या व्यवहारावरून जोखावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.